वाफेतली ओमा

आमच्याकडे माझ्या लेकीच्या, कौमुदीच्या, केसांचा विषय कुणी काढत नाही. तुम्ही सहज विचारलंत म्हणून सांगते.

२००६चा जानेवारी होता. आम्ही तेव्हा ब्योब्लिंगेनला राहत होतो. सासूबाई पहिल्यांदाच जर्मनीला आल्या होत्या आणि थंडीनं त्यांचा गुडघा धरला होता. माझ्या नवऱ्याच्या, जयंतच्या, ऑफिसात कुणीतरी सांगितलं, ब्लॅक फॉरेस्टमध्ये एक जपानी पद्धतीचं गरम पाण्याचं स्नानगृह आहे, आईंना घेऊन जा. रविवारी दुपारी आम्ही चौघं निघालो.

दाराशी लाल लाकडी कमान, आत कागदी दिवे, बांबू, ओल्या देवदाराचा वास. काउंटरवरच्या जर्मन बायका किमोनो घालून वाकून नमस्कार करत होत्या. सासूबाईंना गंमत वाटली. पण पोहण्याचा पोशाख घालून चारचौघांत यायचं म्हणजे त्यांना संकोच. अंगाभोवती मोठा टॉवेल घट्ट लपेटून त्या आतल्या उथळ कुंडात पाय सोडून बसल्या.

"मी इथंच बरी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा."

जयंत पोहायला गेला. मी पाच वर्षांच्या कौमुदीला दंडाला फुगे लावून बाहेरच्या तळ्याकडे घेऊन गेले. आतल्या तलावातूनच तिकडे वाट होती. मध्ये प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा. तो बाजूला सारला आणि एकदम आवाज थांबले.

चार वाजून गेले होते, उजेड उतरत होता. तळ्याच्या काठावर बर्फ, पाणी माझ्या छातीपर्यंत आणि त्यावर इतकी दाट वाफ की हातभर पलीकडचं दिसेना. बोलू नका, अशी पाटी होती. पण बोलायला तिथं दुसरं कुणी नव्हतंच. गंधकाचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी एक, बंद पडलेल्या विहिरीसारखा.

"ओमा इस्ट आउख दा," कौमुदी हळूच म्हणाली. आजीपण इथे आहे. ती मराठी समजायची, उत्तर मात्र जर्मनमध्ये द्यायची.

वाफ क्षणभर विरली तशी मी पाहिलं. दगडी दिव्याखाली कुणीतरी गळ्यापर्यंत पाण्यात बसलं होतं. पाठमोरं. थोडं वाकलेलं.

"आई, तुम्ही कशाला आलात बाहेर... गुडघा दुखेल ना."

 वाफ पुन्हा मिटली. माझ्या हातातून कौमुदीचा हात निसटला. ओढला गेल्यासारखा नाही. तिनं आपणहून सोडवून घेतल्यासारखा.

"कौमुदी..."

पाणी हललंसुद्धा नाही. मी दोन्ही हातांनी चाचपडत पुढे गेले. फुगा लागला, मग तिचा दंड, मग मनगट. आणि मनगटावर बोटं होती. म्हाताऱ्या माणसाची, सुरकुतलेली. त्या कढत पाण्यात ती बर्फासारखी गार होती. मी पोरीला ओढलं. ती माझ्याकडे आली नाही.

मागे पट्ट्या खडखडल्या. सासूबाई पडद्यापाशी कमरेपर्यंत पाण्यात उभ्या होत्या, टॉवेल भिजून लोंबत होता. आतल्या काचेच्या भिंतीतून त्यांना काय दिसलं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

"सोड पोरीला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खालचा. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "तुझी नाही ती. सोड म्हणते ना..."

एकेक करून बोटं सुटली. माझ्या तळव्याला ती सुटताना लागत होती.

मी कौमुदीला छातीशी धरून पट्ट्यांतून आत आले. सासूबाई मागून आल्या, पाठ न फिरवता, तळ्याकडे तोंड करून, पाऊल पाऊल मागे सरकत. पाण्यावर देखरेख करणारा मुलगा धावत आला. मी कसंबसं विचारलं, बाहेर त्या आजी कोण होत्या? त्यानं बाहेर जाऊन पाहिलं. म्हणाला, बाहेर कुणी नाही. तासाभरात तुमच्याशिवाय कुणी गेलंही नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मी कौमुदीला बाकावर बसवलं.  ती शांत होती, पाय हलवत गुणगुणत होती. तिचं डोकं पुसायला मी टॉवेल घेतला आणि थांबले.

सकाळी तिचे केस मी मोकळेच सोडले होते. आता त्यांची वेणी होती. घट्ट, चापूनचोपून घातलेली, चौपेडी. मला चौपेडी येतच नाही.

"आई... ही तुम्ही घातलीत?"

सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग वाकून वेणी हातात घेतली आणि बोटानं पेड मोजले.

"अशी घालायला दहा मिनिटं तरी लागतात, ऊर्मिला," त्या म्हणाल्या. "तुझा हात किती वेळ सुटला होता?"

अर्धं मिनिट. तेवढंही नसेल.

वेणीच्या टोकाला रबर नव्हतं. एका लांबलचक पांढऱ्या केसानं ती अर्ध्यावरच सात-आठ वेढे देऊन बांधली होती, खालचे केस मोकळेच होते. सासूबाईंचे केस कानापर्यंत कापलेले आहेत. मी ती गाठ सोडवायला गेले, तर कौमुदीनं माझा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलली.

"राहू दे. ती म्हणाली, उरलेली नंतर घालते."