तारांगणातलं हॅव

ती तारांगणात शिरली तेव्हा खेळ सुरू झाला होता, आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख होता. खुर्च्यांच्या पाठी चाचपत ती पुढे सरकली. एक रिकामं स्टूल हाताला लागलं. त्यावर ती टेकली आणि शेजारच्या टेबलावर तिने आपली वह्यांनी भरलेली जड पर्स ठेवली.

आणि सूर्य उगवला.

घुमटावरचे तारे विझले, पूर्वेला लाली पसरली, लोकांनी खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

"मॅडम," कानाशी अगदी हळू आवाज आला, "मध्यरात्र चालू आहे. जरा बटणांवरची पर्स उचलता का?"

तिने घाईघाईने पर्स उचलली. रात्र परत आली. "मंडळी," तोच आवाज आता साऱ्या घुमटात घुमला, "ही पहाट आजची खास भेट होती. रोज मिळत नाही." लोक हसले. मग तो आवाज ताऱ्यांबद्दल बोलू लागला... सावकाश, जिव्हाळ्याने, शेजारपाजारच्यांबद्दल बोलावं तसा. शाळेच्या सहलीसाठी जागा बघायला आलेली ती सहल विसरली, शाळा विसरली, मान दुखायला लागली तेही विसरली.

दिवे लागले आणि तिचा विश्वासच बसेना. त्या आवाजाचा मालक एक उंच, किडकिडीत माणूस होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. अंधारातला वाघ उजेडात शेळी झाला होता.

"तुम्ही... इंग्रजी शिकवता ना? शाळेचं पत्र आलं होतं," तो तिच्या चपलांकडे बघत म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून परदेशी पाहुणे येणार. साहेब म्हणतात, खेळ इंग्रजीतही करा. नाही जमलं तर दोन्ही खेळांना टेप लावणार... आणि मी नुसती बटणं दाबायची. शिकवाल मला?"

नाही म्हणायला तिच्याकडे शंभर कारणं होती. "उद्या येते," ती म्हणाली.

शिकवणी रिकाम्या घुमटाखाली व्हायची, दुपारचा खेळ संपल्यावर. सुरुवात तिने सगळ्यांत साध्या क्रियापदाने केली. हॅव. पाचवीची पोरं दोन दिवसांत शिकतात. हा मात्र तिथेच अडून बसला.

"आपण म्हणतो मला बहीण आहे, माझ्याकडे छत्री आहे, अंगात ताप आहे. या इंग्रजांचं सगळ्याला हॅव?"

"सगळ्याला."

"सर्दीलासुद्धा?"

"आय हॅव अ कोल्ड."

"म्हणजे सर्दी माझ्या मालकीची," तो गंभीरपणे म्हणाला. "बरं. सॅटर्न हॅव रिंग्ज."

"हॅज. शनी एकटा आहे ना? एकटा असला की हॅज."

"मग मीही एकटाच आहे. आय हॅज."

दिवे मंद असले की त्याला असं काहीतरी सुचायचं. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला. "तुम्ही 'आय'. 'आय' कितीही एकटा असला तरी हॅव."

"फारच निर्दयी भाषा आहे," तो म्हणाला आणि ती मोकळेपणाने हसली.

तिची आई म्हणायची, हिला नवरा नको, चुका करणारा विद्यार्थी हवा. आता हा विद्यार्थी चुका कमी करू लागला होता, आणि तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता. होतही होता... पण घरी जाताना ती उरलेले दिवस मोजायची. तो साहेबांच्या परीक्षेत पास झाला की शिकवणी संपणार. नापास झाला तर त्याचा आवाज जाणार. तिने मनातल्या मनात फळ्यावर लिहावं तसं लिहून टाकलं: तो पास व्हायला हवा.

एकदा त्याने तिच्यासाठी शनी जवळ आणला. अर्धा घुमट भरून गेला. "ही कडी म्हणजे नुसता बर्फ आणि दगड," तो म्हणाला. "शनीने हातात धरलेली नाहीत. आपापली फिरताहेत, त्याच्याभोवती."

तिच्या अंगावर काटा आला. सॅटर्न हॅज रिंग्ज. आयुष्यभर ती या क्रियापदाला पेन्सिल आणि कुत्रा जोडत आली होती.

परीक्षेच्या दिवशी साहेब पहिल्या रांगेत बसले. मागे परदेशी पाहुणे. "अडखळला की टेप," साहेबांनी आधीच बजावलं होतं. तिने त्याला झोकदार भाषण लिहून दिलं होतं, त्याने ते तोंडपाठ केलं होतं, आणि निम्म्या वाटेवर तो विसरला.

पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं... पण सांगितलं तर तोच नापास. साहेबांनी घसा खाकरला.

"सॅटर्न," तो म्हणाला, "हॅज रिंग्ज."

शनी वर आला. तो थांबला, लोकांना बघू दिलं.

"ज्युपिटर हॅज मेनी मून्स. मार्स हॅज टू. व्हीनस हॅज नो मून."

एकेक वाक्य, एकेक ग्रह. भाषण कधीच सुटलं होतं, उरले होते नुसते शिकवणीतले धडे, आणि घुमटाखाली कोणी हूं की चूं करत नव्हतं. मग त्या अफाट काळोखात एक निळा ठिपका उगवला.

"द अर्थ हॅज वन." आवाज जरासा कापला. "अँड द अर्थ... हॅज अस."

हे वाक्य तिने शिकवलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. एवढंसं क्रियापद, त्यात एवढं मावतं हे तिला कुठे माहीत होतं!

दिवे लागले. साहेब उठले, चष्मा पुसला, "टेप नको," म्हणाले आणि गेले. पाहुणेही गेले.

"झालं मग," ती म्हणाली.

"झालं." तो वायर गुंडाळत होता. "उद्यापासून शिकवणी..."

"नाही."

त्याचे कान लाल. वायर पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. ती बघत राहिली. मग उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने सगळे दिवे बंद केले.

"बोला आता."

मग तो आवाज आला, अगदी जवळून. "रोज वाटायचं, मुद्दाम चुकावं. म्हणजे तुम्ही येत राहाल. पण तुम्ही इतक्या जीव लावून शिकवायचात की... चुकवेना. मॅडम, तुम्ही मला फार आवडता."

"मॅडम नको," ती म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. "आणि 'तुम्ही' पण नको."

मग काळोखात हातात हात आला. आधी कोणी पुढे केला, यावर ती दोघं अजून भांडतात.