बाहुली उघडेना

त्या उन्हाळ्यात उस्मानपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात सगळ्यात मोठा आवाज टँकरचा. आजूबाजूला नव्या इमारती उठल्या, प्रत्येकीनं बोअर पाडला, आणि दवाखान्याचे नळ सकाळीच कोरडे. तांब्यातल्या पाण्यानं हात धुताना डॉक्टर नीरजा आधी चिडायची, मग हसायची. शहर वाढतंय म्हणे!

आज खाटेवर सहा वर्षांची तनुजा होती, दौलताबादच्या पलीकडच्या वाडीवरची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आज उजवा करायचा. आणखी उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याला कायमचा विसरणार, हे नीरजाला ठाऊक होतं. पण बाहुली मोठी झाल्याशिवाय हात घालता येत नाही, आणि थेंबांवर थेंब घालूनही तनूची बाहुली मोहरीएवढीच.

“रडून थेंब बाहेर काढत असेल,” नीरजा म्हणाली.

“नाय मॅडम, गपगुमान घेतीय,” मालन सिस्टर म्हणाल्या. “माझ्या नवऱ्यापेक्षा शहाणी.”

तनूची आई भागूबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. “अंधारात लई बरं दिसतं तिला, डाक्टरीणबाई. विहिरीत तर समदं दिसतं.”

“विहिरीत?”

“तळाला पान्याचा झिरपा हाय. दोर बांधून हिलाच सोडायचो, वाटीवाटीनं घागर भराया. बाकीची पोरं अंधाराला भितात. म्हणलं, हिला तसंबी कुठं दिसतंय.”

नीरजानं राग गिळला आणि समजावलं. डाग मधोमध आहे. अंधारात बाहुली पसरते, मग डागाच्या कडेनं दिसतं. साधं शास्त्र.

“थेंबांनीही तशीच पसरेल,” ती तनूला म्हणाली. “मग का गं भितेस?”

“पसरली की ती दिसती.”

“कोण?”

भागूबाईनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. “तळाला कुनी बाई दिसती म्हनली, तवापासून विहिरीत सोडली नाय हिला.”

बाहुली काही मूठ नव्हे, आवळून धरायला. नीरजानं हे स्वतःलाच सांगितलं.

भूल दिली. पोर सैल पडली, बाहुली नाही. शेवटी बारीक सुईनं डोळ्याच्या आतच औषध सोडलं.

ती उघडली. एकदम, काठापर्यंत.

नीरजाचे हात सराईतपणे चालले. मध्येच शेवाळाचा वास आला. मालन सिस्टरांनी नळाकडं पाहिलं. कोरडाच.

नीरजानं कृत्रिम भिंग मागितलं.

भिंग बसलं. छान बसलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. तनूनं आईच्या कपाळावरचं गोंदण पहिल्यांदा पाहिलं, त्यावर बोट फिरवलं. भागूबाई रडली, सिस्टर रडल्या, नीरजाही जवळपास.

“आता माझी बोटं मोज.” खिडकीच्या लख्ख उजेडात नीरजानं दोन बोटं धरली.

तनूनं निरखून पाहिलं. “चार.”

“नीट बघ, राणी.”

“तुमची दोन,” तनू दबक्या आवाजात म्हणाली. “अन् तिची दोन. तिची ओली हायेत.”