वाकलेलं गवत

अकोल्यात महेजबीन काचेवर चित्रं काढून द्यायची. काचेवर स्टिकर चिकटवून पात्यानं चित्र कापायचं, मग काच पेटीत धरून तिच्यावर जोराच्या हवेनं वाळू मारायची. कापलेल्या जागी काच दुधाळ होते. पानाच्या शिरासुद्धा ती सोडत नसे.

पातूरच्या सत्यभामाबाईंनी फोटो आणला. तलाव आणि काठाचं कमरेइतकं गवत. फोटो त्यांच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं काढलेला. होळीला घरून गेला तो परतलाच नव्हता.

“याची काच दाराले लावाची हाये. ते आले का त्यायले घर वळखू आलं पाह्यजे.”

महेजबीननं तीन दिवस एकेक पातं कापलं. वाळू मारून, काच धुऊन तिनं स्टिकर सोलला आणि थबकली. दूर पाण्याजवळच्या गवतात पायवाट उमटली होती. फोटोत नव्हती. तिनं कापलीही नव्हती. स्टिकर सुटून वाळू शिरली म्हणावं, तर तसा डाग फिसकटतो. इथं पातं न् पातं वेगळं वाकलेलं होतं.

तिनं नवी काच घेतली, सगळं पुन्हा कापलं. या वेळी वाट निम्म्या गवतापर्यंत आली.

सत्यभामाबाई आल्या तेव्हा तिनं दोन्ही काचा पुढ्यात ठेवल्या.

“गवत कोन्या बाजूले वाकलं, बेटा?”

“आपल्याकडं.”

बाईंचे डोळे भरले. “म्हंजे येऊन राहिले.”

“ताई, ह्या नका लावू. मी तिसरी करून देते.”

बाईंनी ऐकलं नाही. दुसरी काच त्याच दिवशी पातूरला गेली.

आठवडाभर महेजबीननं दुसरं काम हाती घेतलं नाही. शेवटी भर दुपारी ती पातूरच्या बसमध्ये बसली.

सत्यभामाबाई ओसरीतच भेटल्या, हसऱ्या. “आत्ताच फोन आला. ते अमरावतीले दवाखान्यात होते इतके दिवस. शुद्ध नव्हती. संध्याकाळच्या गाडीनं येतेत!”

महेजबीन दाराकडं वळली.

वाट काचेच्या खालच्या कडेपर्यंत आली होती. फक्त कडेची पाती वाकलेली होती, मागचं गवत पुन्हा उभं राहिलं होतं.

“ताई, घरात कोण हाये?”

“कोनी नाई. मी एकलीच.”

आतल्या खोलीचं दार हळूच मिटलं; कुणीतरी आतून, आवाज होऊ न देता, कडी लावायचा प्रयत्न करत होतं.