मांडीवरची नेजेम

ही गोष्ट खरी आहे. कुणाकडून ऐकलेली नाही, माझ्याच घरात घडलेली आहे. पटत नसेल तर मांजरदेवीच्या पेर-बास्त गावात या, कालव्याकाठचं शेवटचं घर विचारा आणि माझ्या पोरीचा चेहरा बघा. मग बोला.

दिवस वादळवाऱ्याचे होते. वेळ भरदुपारची.

हो, दुपारची! असली गोष्ट म्हटली की लोक आधी रात्र विचारतात. मला राग येतो त्याचा.

आमची मांजरी नेजेम. एका कानाला चीर, आवाज घोगरा. माझी मुलगी तेशेत जिथे बसेल तिथे तिच्या मांडीवर नेजेम. एकदा ती खळ्यावर उंदरांमागे गेली, ती परत आलीच नाही. पोर अन्नाला शिवेना. शेवटी सासूबाई वैतागल्या.

"तादी, किती वाट बघायची गं? मेली म्हण आणि भुवया काढ. सुतक धरलं की पोरीचे डोळे तरी सुकतील."

घरातलं मांजर गेलं की आम्ही सगळे भुवया भादरतो. त्या पुन्हा उगवल्या की सुतक संपलं. तशा आम्ही तिघींनी भादरल्या. नवरा धान्याच्या होडीवर दूर गेला होता.

पण देह कुठे होता? देवळात मेलेल्या मांजरांना पट्ट्यांत गुंडाळून पुडकी बांधणारा म्हणाला, "देह नसला तरी चालतं, वहिनी. तिचे केस आणा, नाव सांगा. बाकी लव्हाळं आणि चिंध्या मी भरतो."

अंथरुणावरचे केस वेचून दिले. त्याने मांजराएवढं पुडकं बांधलं, वर डोळे रंगवले, नेजेमचं नाव घातलं. शेवटची पट्टी गुंडाळायची, तेवढ्यात तेशेतने त्याचीच सुरी उचलली. कानावरच्या बटेचं टोक कापलं आणि पुडक्यात खुपसलं.

"हे कशाला गं बाळे?"

"तिला एकटीला भीती वाटेल ना."

बिचाऱ्याचे डोळे भरून आले. बट तशीच आत बांधली गेली. पुडकं देवळाच्या भुयारात गेलं, दार चिखलाने लिंपलं. ते आता देवीच्या जत्रेलाच उघडणार होतं.

भुवयांना नुसते खुंट फुटायला लागले होते, तोच...

नेजेम परत आली.

सकाळी दारात बसलेली. तीच चीर, तोच कान. तेशेत आनंदाने किंचाळली. गल्लीला मात्र आयती करमणूक झाली.

"जित्या मांजराचं सुतक धरणाऱ्या याच बरं का!" शेजारीण म्हणाली.

"हस, हस," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बोक्याचं काही झालं तर माझ्या भुवया काढून तयारच आहेत."

आम्हीही हसलो. तेवढंच शेवटचं हसणं.

कारण नेजेमने माशाला तोंड लावलं नाही. दुधालाही नाही. उंदीर तिच्या नाकासमोरून जायचे आणि ती बघत बसायची.

आणि आल्यापासून ती एकदाही ओरडली नव्हती.

"आई, ही गारच असते," तेशेत म्हणाली.

"सावलीत लोळते म्हणून," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग ती दुपार आली.

आभाळ आधी तांबडं झालं, मग काळं. वाळूचा वारा सुटला. मी दाराला अडसर घातला, फटींत ओली फडकी कोंबली, दिवा लावला. एक खोली. आम्ही तिघी. आणि तेशेतच्या मांडीवर ती.

बाहेर वाळू भिंतींवर आपटत होती. श्वास घेतला तरी दातांत कचकच.

आणि मग...

खर्र... खर्र...

दारावर. खालच्या बाजूला.

"फांदी असेल," सासूबाई म्हणाल्या. आमच्या दारात झाड नाही.

खर्र... खर्र...

मग आवाज आला. घोगरा. फाटका.

नेजेमचा!

मी वळून बघितलं. नेजेम मांडीवर होती. तोंड मिटलेलं. डोळे दाराकडे.

माझी पाचावर धारण बसली.

"आजी, नेजेम बाहेर आहे," तेशेत कुजबुजली. "मग ही कोण?"

"दार उघडायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "जे बाहेर आहे ते बाहेर राहू दे."

"आत्याबाई, आणि जे आत आहे त्याचं काय?"

त्यांनी अडसर आणखी घट्ट बसवला. मी पोरीकडे वळले.

"तेशेत, ऊठ. हळूच ठेव तिला खाली आणि माझ्याकडे ये."

"आई... ही मला उठू देत नाही."

"म्हणजे?"

"जड झाली आहे. माझे पाय... आई, माझे पाय कळत नाहीत मला!"

मी धावले. त्या मांजराला दोन्ही हातांनी धरलं आणि उपसलं. हललं नाही. जात्याची तळी उचलावी तसं. बोटं केसांत रुतली आणि...

खाली कातडी नव्हती.

खाली गाठी होत्या. ओळीने गाठी. कापडाच्या. दाबलं की आत लव्हाळं मोडल्याचा आवाज यायचा.

पोरीचे ओठ पांढरे पडत चालले होते. गारवा तिच्या पोटापर्यंत चढला होता. बाहेर ओरडणं वाढत होतं. तेशेत रडतही नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. तेच मला सहन होईना.

मी दाराकडे गेले. सासूबाईंनी माझा हात धरला.

"तादी, वेडी झालीस? दोन्ही बाजूंनी मरू!"

"पोर मरतेय, आत्याबाई!"

मी अडसर काढला.

वाऱ्याने दार आत फेकलं. दिवा गेला. काहीतरी माझ्या पोटऱ्यांना घासून आत घुसलं. उबदार होतं. एवढं मी शपथेवर सांगते, ते उबदार होतं.

अंधारात फिस्कारणं. कापड टरकल्याचा आवाज. तेशेतची किंकाळी.

मग... काहीच नाही.

दोघींनी रेटून दार लावलं. दिवा लागता लागेना.

लागला तेव्हा तेशेत भिंतीला टेकून रडत होती. पाय हलवत होती. माझ्या जिवात जीव आला.

तिच्या मांडीवर चिंध्या होत्या, मोडलेलं लव्हाळं होतं. मांजर नव्हतं. एकही नाही.

दारातून आलेल्या वाळूवर पंजे उमटले होते. आत येणारे. बाहेर जाणारा एकही नाही. आम्ही माठामागे बघितलं, चटया झाडल्या, चूल उपसली.

चिंध्या चाळताना सासूबाई एकदम थांबल्या.

"तादी... नेजेमचे केस आहेत यात. पोरीची बट नाही."

वारा पडताच मी धावत देवळात गेले. बांधणारा मला भुयाराशी घेऊन गेला. दारावरचं लिंपण जसंच्या तसं होतं. उघडा म्हणून पाया पडले. जत्रेआधी उघडता येत नाही, म्हणाला. जत्रेला उघडलं, तेव्हा आम्ही नावं वाचत वाचत सगळं शोधलं. नेजेमचं पुडकं तिथे नव्हतं.

बट कुठे आहे, कुणाला माहीत नाही.

सासूबाईंच्या भुवया केव्हाच आल्या. माझ्याही आल्या. तेशेतच्या आल्या नाहीत. खुंटसुद्धा नाही. वैद्य झाले, देवीला नवस झाले. तिचं सुतक काही संपत नाही. कुणाचं आहे ते मी मनातसुद्धा म्हणत नाही.

वारा सुटला की ती अजून मांडी घालून बसते, आणि हात हवेत फिरवते.

"आई, आज जरा जड आहे," म्हणते.

मी दर चार-आठ दिवसांनी सुरीला धार लावते आणि माझ्या भुवया उतरवते. गाव विचारतं, आता कोण गेलं?

कुणी नाही, म्हणते मी. पोर एकटी पडायला नको.