हिंगणीच्या मॅडमची शिकवणी

नमस्कार.

दोन वर्षं झाली, या पेजवरच्या गोष्टी मी नुसत्या वाचते. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

हे घडलेलं आहे. माझ्यासमोर घडलेलं आहे. मुलीचं नाव तिला विचारूनच लिहिलंय. बाकी पटो न पटो, तुमची मर्जी.

गेल्या वर्षीचा मार्च. शुक्रवार. दुपारचे तीन. जागा म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं हिंगणी, बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतलं एक घर.

रात्र नव्हती. अंधारही नव्हता. ऊन इतकं होतं की स्कूटीच्या सीटला हात लावता येत नव्हता.

मी पौर्णिमा. सेलूला एका वाचनालयात नोकरी करते. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं, दुपारी बंद. माझा नवरा अनुप गडचिरोलीला नोकरीवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. मुलगी आचल तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती.

आमच्या घरी भूतबीत कोणी मानत नाही. सासऱ्यांनी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून समोरच्या खोलीत लावल्यात आणि आम्ही त्या मानतो. म्हणून मला जो संशय आला, तो आधी माणसाचाच आला.

झालं असं की आचल स्टॅटमध्ये, म्हणजे संख्याशास्त्रात, दोनदा अडकली. मॅथ्स कसंबसं निघालं, पण स्टॅट निघेना. उन्हाळी परीक्षा तोंडावर. या वेळी विषय राहिला तर वर्ष गेलं.

शिकवणी शोधता शोधता मी थकले. वर्ध्यात क्लासेस गल्लोगल्ली, पण सगळे बारावीचे, नाहीतर डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं असणाऱ्यांचे. बीएस्सीचं स्टॅट म्हटलं की सर लोक मान हलवायचे. एक सर तयार झाले, तर त्यांच्याकडे एका खोलीत चाळीस पोरं. मोबाईलवरचे व्हिडिओ आचल पाहायची आणि पाहता पाहता रडायची.

मग वाचनालयात झाडझूड करणाऱ्या शकुबाई एक दिवस म्हणाल्या, "ताई, हिंगणीले एक मॅडम राह्यते. नागपूरले कालेजात हाच इषय शिकवत होती म्हन्ते."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

त्या झाडू मारत राहिल्या.

"शकुबाई?"

"काई नाई ताई. एकटी राह्यते... बस."

त्या 'बस'पाशी मी थांबायला हवं होतं.

पण मला शिकवणी मिळाली होती.

वच्छला मॅडम सत्तरीच्या असतील. भावाचं घर, भाऊ गेला, तेव्हापासून एकट्याच. आजूबाजूला वांग्यांची, कोबीची वाडी. घर स्वच्छ. आतल्या खोलीत एका भिंतीला काळा रंग देऊन फळा केलेला. मॅडम खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, डावा हात तेवढा बाहेर.

त्यांनी आचलला दोनच प्रश्न विचारले आणि तिचं नेमकं कुठे अडतं ते सांगितलं. माझ्या मुलीचा चेहरा मी पाहिला. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारी दोन ते चार. असं ठरलं.

मॅडमची एकच अट होती. आईनं बाहेर, ओसरीवर बसायचं. आणि दार लोटलेलं राहील.

मी कबूल झाले.

पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही. मी ओसरीवर पुस्तक वाचत बसायचे. आतून मॅडमचा आवाज यायचा. मध्ये आचलचा. आणि फळ्यावर खडूचा. टक्, टक्, सर्रर्र... टक्.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, मी पुस्तक मिटलं.

आत आचल मोठ्यानं उत्तर वाचत होती. मॅडम तिला मध्येच अडवून काहीतरी समजावत होत्या. दोघी एकदमच बोलत होत्या.

आणि त्याच वेळी...

खडू चालू होता.

मी नीट ऐकलं. मॅडम खिडकीकडून बोलत होत्या. आचल दाराजवळून. फळा समोरच्या भिंतीला.

आत तिसरं कुणीतरी होतं.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो पुरुषाचा. एकटी म्हातारी, आडबाजूचं घर, तरुण पोरगी आणि दार लोटून घ्यायची अट. मी चपला पाहिल्या. माझा सोडून दाराशी दोनच जोड होते, मॅडमचा आणि आचलचा. मी घराला वळसा घातला. मागच्या दाराला बाहेरून कुलूप, आणि कुलपाला गंज.

परत आले तर खडू थांबला होता.

घरी गेल्यावर आचलला विचारलं, "शिकवणीत अजून कोन असते?"

"कोन असते? मी एकटीच."

"मग फळ्यावर कोन लिहिते?"

"मॅडम."

"मॅडम तर खुर्चीत बसून बोलून राह्यल्या होत्या."

ती पाणी प्यायला उठली.

मी तिची वही उघडली. गणितं नीट मांडलेली. सगळी बरोबर. मला त्यातलं कळत नाही, पण खाडाखोड नव्हती. इतका अभ्यास तिनं जन्मात केला नव्हता. तिला बोलायला माझी जीभ रेटली नाही.

शुक्रवारी तिला आत सोडलं आणि ओसरीवर न बसता मी शेजारच्या वाडीत गेले. तिथे रूपराव नावाचे एक काका वांगी तोडत होते.

"काका, या मॅडमकडं कोनी येते का? पुतण्या, भाचा?"

"कोनी नाई येत बाई. तुमी दोघी मायलेकीच येता."

"मग फळ्यावर त्याच लिहितात का?"

त्यांचा हात वांग्यावरच थांबला.

"ते कशी लिहीन? तिले लकवा मारला ना. तीन साल झाले. उजव्या हातात जीवच नाई तिच्या. पदराखाली झाकून ठेवते."



"काका, मग आतून आवाज येतो तो..."

"आमी तिकडं पाहत नाई बाई," ते म्हणाले, आणि टोपलं उचलून दुसऱ्या वाफ्याकडे गेले.

मी तशीच धावत ओसरीवर आले.

आतून आवाज येत होता... टक्, टक्, सर्रर्र.

मी दार ढकललं.

मॅडम खिडकीजवळ होत्या. पदर सरकलेला. उजवा हात मांडीवर पडलेला, पिवळट, बोटं आत वळलेली.

आचल चटईवर बसून वहीत लिहीत होती. मान पूर्ण खाली.

फळ्याजवळ कोणी नव्हतं.

आणि आवाज थांबला नव्हता.

मी फळ्याकडे पाहिलं. एक ओळ अर्धवट होती. तिच्यापुढे एक आकडा उमटत होता... आधी वरची गाठ, मग खालची. इंग्रजीतला आठ. पांढरी भुकटी खाली पडत होती. खडू मला कुठे दिसलाच नाही.



मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे. आणि रोज कुणाशी बोलावं तितक्या सहज त्या म्हणाल्या, "थांब जरा. बाहेरचं माणूस आलंय. बस खाली."

आवाज थांबला.

आणि माझी मुलगी... मान वर न करता... चटईवर थोडी बाजूला सरकली.

जागा करून दिल्यासारखी.

"आचल!" मी तिचा दंड धरून तिला उठवलं. "हे काय आहे? कोण आहे इथं?"

"आई, सोड ना! वर पाहाचं नाई म्हणून मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. आवाज थांबला का मंग पाहाचं."

"आणि तू ऐकलंस?"

"मले समजून राह्यलं होतं आई! पहिल्यांदा समजून राह्यलं होतं!"

मी मॅडमकडे वळले. खूप काही बोलणार होते. पण म्हातारी रडत होती. आवाज न करता.

"मला माहीत नाही कोण आहे," त्या म्हणाल्या. "हात गेला तेव्हा मी सगळे खडू टाकून दिले. एक दिवस अशीच बसल्या बसल्या तोंडी गणित सोडवत होते. स्वतःशीच. तर मागे भिंतीवर आवाज आला. वळून पाहिलं तर मी बोलले ते सगळं लिहिलेलं."

"आणि तुम्ही घाबरला नाहीत?"

"घाबरले. दोन दिवस बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी मीच बोलायला लागले. अक्षर मुलीचं वाटतं. चुकत नाही कुठे."

"तुमची कुणी विद्यार्थिनी होती का? गेलेली?"

"बत्तीस वर्षं शिकवलं मी. किती मुली आल्या. चांगल्या चांगल्या मुली मधेच यायच्या बंद झाल्या. कुणाचं लग्न करून दिलं, कुणाचं काय झालं कळलंच नाही. त्यातली कोण, कसं सांगू?"

"विचारलं नाहीत?"

त्यांनी मान हलवली.

"विचारलं आणि ती निघून गेली तर?"

मी आचलला बाहेर आणलं. तिचं दप्तर उचललं, स्कूटीवर माझ्या पायाशी ठेवलं. ती भांडत होती. "पेपर बारा दिवसावर हाये आई, मी कोनाकडं जाऊ आता?" मी ऐकलं नाही. गाडी सुरू केली.

रस्ताभर आचल माझ्या पाठीला चिकटून बसली होती. इतकी पुढे की मला हँडल नीट धरता येईना.

"सरक ना मागं," मी म्हटलं.

तिनं माझा खांदा धरला. मग हळूच म्हणाली...

"जागा नाई आई."

दप्तर माझ्या पायाशी होतं.

मी आरशात पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असतं का, मला माहीत नाही. मी सेलू येईपर्यंत समोरचा डांबरी रस्ता पाहत राहिले.

अनुपला फोनवर सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. म्हणाला, "म्हातारीनं काहीतरी युक्ती केली असन. डाव्या हातानं लिहीत असन. तू काऊन घाबरते?" मी म्हटलं, मी पाहिलंय. तो म्हणाला, उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढे काहीही दिसतं.

मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

त्यानंतर बारा दिवस आचलनं घरीच अभ्यास केला. कुठली शिकवणी नाही, व्हिडिओ नाही. दार लावून बसायची. मी चहा घेऊन गेले की दार अर्धं उघडून हातात घ्यायची. रडली एकदाही नाही. अडलं म्हणून एकदाही बोलली नाही.

मी मुद्दाम विचारलं, "समजते का गं एकटीले?"

"समजते," एवढंच.

पेपर झाला. ती हसत घरी आली. मी वाचनालयात पेढे वाटले, निकाल लागायच्या आधीच. शकुबाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. पदराच्या टोकाला बांधला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

वच्छला मॅडम.

मला वाटलं पेपरचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"पौर्णिमा... रागावू नका. एक विचारते."

"बोला ना मॅडम."

"तुम्ही आचलला घेऊन गेलात ना, त्या दिवसापासून मी रोज बोलते आहे. सकाळ-दुपार. सोप्यातलं सोपं गणित सांगते. भिंत कोरीच आहे."

मी गॅस बंद केला.

"ती तुमच्यासोबत आली का?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. आचलच्या खोलीचं दार बंद होतं. परीक्षा संपली होती, तरी ती आत काहीतरी वाचत होती. हळू आवाजात. थांबून थांबून.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "इथं कोणी नाही."

"आचलला विचारून पाहा ना. तिला माहीत असेल."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

विचारलं नाही.

आचल पास झाली. नुसती पास नाही, या विषयात कॉलेजात पहिली आली. आता नागपूरला स्टॅटमध्येच एमएस्सी करते आहे. तिथे खोली घेऊन राहते. रूम पार्टनर शोध म्हटलं, तर नको म्हणाली.

हिंगणीला मी पुन्हा गेले नाही. एकदा मॅडमच्या नंबरवर फोन लावला, तो बंद आहे. त्या म्हातारीचं जे होतं ते मी आणलं की काय, या विचारानं कधी कधी जेवण जात नाही. आणि मग वाटतं, आणलं असेल तर ते माझ्या मुलीजवळ आहे.

रोज दुपारी मी आचलला फोन करते. जेवली का, पाणी येतं का, सगळं विचारते. शेवटी एक प्रश्न विचारतेच.

"एकटीच हाये ना तू?"

वर्ष होत आलं. एकदाही ती 'हो' म्हणाली नाही.

"आमी अभ्यास करून राह्यलो आई," म्हणते, "मंग बोलतो." आणि फोन ठेवते.