रेस दिली की दिवा जातो

शेवट वळखून दाखवा. गोलू, तू लई हुशार समजतोस ना सोताला, मधात कुठंबी सांग. बरोबर आला तर उद्या तुला खांद्यावर घिऊन स्टँडपर्यंत नेतो. हसू नको. माझ्या गुडघ्याचं मी बघतो.

बसवंत मिस्त्री मालूम हाय ना? बिलोलीत नरसी रोडला ग्यारेज व्हतं त्याचं. माझा लहानपणचा दोस्त. त्यानं मला सोताच्या तोंडानं सांगितल्यालं सांगून राहिलो.

सिद्धेश्वर म्हणून आमचा तिसरा. त्याच्याकडं बापाच्या वेळची मोटारसायकल, अठ्ठ्याहत्तर सालची. दिवसातून दोनदा पुसायचा तिला. दिवा तेवढा मिणमिण. म्हणून बसवंताकडं टाकली. बसवंतानं नवी बॅटरी घातली अन् दिव्याला रिले बसवला. रिले म्हंजे काडीपेटीएवढी डबी. बारीक वायरीतून करंट आला की आत टक वाजतं, अन् दिवा भक्कन लागतो.

आता आमच्यात एक खोड व्हती. ग्यारेजातून दोस्ताची गाडी सरळ द्यायचीच न्हाई. कुणाचा पेट्रोलचा कॉक बंद कर, कुणाच्या प्लगची टोपी ढिली कर. दोन किका जास्त मारल्या की हसायचं. त्या दिवशी जरा मोठी गंमत सुचली. ती बारीक वायर रेसच्या केबलीपाशी अशी अडकवली की मूठ अर्ध्याच्या वर पिळली की दिवा गुल. मूठ सोडली की परत चालू. सांच्याला पानटपरीवर येईल, दिवा लागल, विझल, शिव्या देईल, आन् तिथंच काढून टाकू. उन्हात गाडी नेताना दिवा कोण बघतो?

सांच्याला तो टपरीवर आलाच न्हाई.

रातच्याला फोन आला, सासू नागम्मा नरसीला बसमधून उतरली, एकलीच उभी हाय. हा आणायला निघाला. रोड मोकळा. मूठ पुरी पिळली. दिवा गेला. म्होरं उसाची ट्रॉली उभी, मागं साधं लाल फडकं न्हाई...

"मंग पोलिसाला कळलं न्हाई, काका?"

कसं कळल, संघपाल? मोडकी गाडी बसवंताच्याच ग्यारेजात आणून टाकली. कुणी बघायच्या आत त्यानं ती वायर काढली. अन् त्याच दिवशी सकाळी, गाडी ग्यारेजात टाकायच्या आधी, सिद्धेश्वरच्या पोरानं, सोमेशनं, घरी कार्बोरेटर साफ केलता. लोकाला तेवढंच पुरलं. पोरानं उघडला, नीट बसवला न्हाई, रेस अडकली, बाप गेला. कावेरीबाई सोमेशची माय. तिनं पोराशी बोलणं सोडलं. निस्तं ताट सरकवायची. पोरगं लातूरला गेलं, एका मेसमधी भांडी घासून राहिलं. बसवंताला समदं दिसत व्हतं.

गप बसला.

वर्षानं कावेरीबाई ग्यारेजात आली. "बसवंतभाऊ, चालू करून द्या. इकून टाकते. अन् पोरानं काय बिघडवलं तेवढं बघून सांगा मला."

बसवंतानं वाकलेलं सरळ केलं, फुटका दिवा बदलला, मंग कार्बोरेटर खोलला. जेट साफ. फ्लोट साफ. पोरानं एक स्क्रू चुकीचा पिळला नव्हता. परत बसवला. प्लगला ठिणगी हाय, पेट्रोल येतंय, तरी गाडी फट म्हणंना.

बारा डिसेंबर, दोन हजार तेवीस. मंगळवार, आमास्या. रातचे एक वाजून दहा मिनिटं. शटर खाली. बॅटरी काढून टेबलावर चार्जिंगला. गाडीत करंट न्हाई, ध्यानात ठिवा.

टक.

बसवंतानं वर बघितलं.

टक. दिवा लागला. समोरची भिंत पांढरीफट. बसवंत दिव्याम्होरं उभा, भिंतीवर त्याची सावली.

मंग मूठ हालली. आपोआप. हळू... हळू... केबल ताणली. कार्बोरेटरात स्लाईड वर गेल्याची सर्र ऐकू आली. दिवा गेला.

अंधार.

मूठ सुटली. टक. दिवा. भिंतीवर सावल्या दोन.

"...सिद्ध्या?"

...

मूठ परत फिरून राहिली. बसवंत धावला. मूठ धरली, दाबून. फिरू देईना. तवा वरून एक हात आला. त्याच्या हातावर. गार. दाबत गेला... दाबत गेला...

दिवा गेला.

"सांगतो," बसवंत म्हणला. "सकाळी सांगतो."

...

"पोराचं काय चुकलं न्हाई. सांगतो."

अन् किक न मारता गाडी चालू झाली. डुगडुग डुगडुग. सिद्धेश्वरच्या वेळी चालायची तशी.

सकाळी बसवंत कावेरीबाईच्या दारात. समदं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "वर्षभर पोराला एक शब्द बोलले न्हाई मी, भाऊ." बास. शिवी न्हाई, शाप न्हाई. त्याच दिवशी लातूरची बस धरली.

काय रे गोलू, आला का शेवट?

न्हाई ना. बसवंतानं तिला सांगितलं, म्या एकट्यानं केलं. ते खोटं हाय. हात त्याचे व्हते. वायर कुठं अडकवायची ते सांगणारा मी. म्हणलं, बघ कसा नाचतो आज सिद्ध्या.

...

त्या रातीपासून बसवंताची उजवी मूठ उघडली न्हाई. नांदेडला दाखवलं, लातूरला दाखवलं. फोटो काढले, हाडं बरोबर, शिरा बरोबर. मुठीच्या वर चार बोटांचे काळे डाग. राकेलनं धुतले, डिझेलनं धुतले. जाईनात.

मागल्या रविवारी त्याच्याकडं गेलतो. त्यानं मूठ माझ्याम्होरं धरली. मला काय वाटलं की... मी माझा हात वर ठिवला. त्या डागांवर.

चारी बोटं बरोबर बसली.

पाना धरता येत न्हाई म्हणून ग्यारेज बंद केलं त्यानं. डाव्या हातानं जेवतो. माझं नाव अजून कुणाला सांगितलं न्हाई.