रुमाल टाकलेली खुर्ची

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खाली "स्टोरी छान, पण पटत नाही" असं लिहायचंय, त्यांनी आत्ताच दुसरीकडे जावं.

अमावास्या, रात्रीचे बारा, कुत्र्याचं रडणं... यातलं इथे काही नाही.

भर दुपार होती. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकेंड, रविवार. कॅलिफोर्नियातल्या टाहोच्या डोंगरावरचं एक स्की रिसॉर्ट, आठ हजार फुटांवर. नाव सांगणार नाही. आजूबाजूला चार-पाचशे माणसं बर्गर खात बसली होती.

आणि ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते आमचे शंकरकाका. नागपूरला तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ, आणि नुसत्या पाठ नाहीत, पाळणारा माणूस. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की लोक काकांना बोलवायचे, आणि काका दोन प्रश्नांत त्याचं अंग मोकळं करायचे. भूत हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती.

म्हणूनच माझी झोप उडाली आहे.

माझी चुलतबहीण जागृती ही काकांची मुलगी. फ्रीमाँटला राहते. नवरा अतुल, मुलगी अनिका, नऊ वर्षांची. काका त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते.

अतुलबद्दल मी जास्त बोलत नाही, बहिणीचा संसार आहे. एवढंच सांगते की ऑफिसातले मोठे साहेब स्कीइंग करतात हे कळल्यापासून हे महाशय दर हिवाळ्यात टाहोला पडायला जातात. चार तास गाडी हाकायची. अंगावर गादीएवढे कपडे चढवायचे. लिफ्टला लटकून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. मग परत वर.

काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "खाली यायचंच आहे, तर वर जाता कशाला?"

अतुलला राग आला. काकांना तेच हवं होतं.

अशा ट्रिपमध्ये आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना एकच काम असतं. सामान राखणं. कुठल्याही लॉजमध्ये बघा, खिडकीजवळ एखादे आजी-आजोबा स्वेटर-मफलर घालून बसलेले असतात. पुढ्यात पंधरा पिशव्या, टेबलाखाली सगळ्यांचे बूट, मधोमध पोळ्यांचा डबा.

"बाबा, टेबल सोडू नका हं," अतुल म्हणाला. "एकदा गेलं की परत मिळत नाही."

आणि तिघं बर्फावर निघून गेली.

टेबलाला खुर्च्या पाच होत्या. यांची माणसं चार. पाचवी खुर्ची उरलेली.

तासाभराने एक तरुण आला. विचारणं नाही, बघणं नाही, सरळ ती खुर्ची उचलली. समोर म्हातारा बसलाय का खांब उभा आहे, त्याला काही फरक नव्हता.

काकांनी खुर्चीची पाठ धरली. "समवन इज सिटिंग हिअर."

तो खांदे उडवून गेला. काकांनी खिशातला रुमाल काढला आणि खुर्चीवर टाकला. एसटीत जागा धरतात तसा.

खरं तर देऊन टाकायला काय हरकत होती? पण काका चिडले होते. ती लाल नाकांची, पायातले बूट ठक ठक वाजवत फिरणारी, चीज ओघळवत खाणारी सगळी गर्दीच त्यांच्या डोक्यात गेली होती. मग जो कुणी येईल त्याला काका तेच सांगायचे. समवन इज सिटिंग हिअर. माणूस बसलाय. नम्रपणे विचारलेल्यांनाही तेच. एका बाईच्या कडेवर बाळ होतं, तिलाही तेच.

दहा-बारा वेळा तरी ते हे वाक्य बोलले असतील.

साडेबाराला घरची मंडळी जेवायला आली. जागृती त्याच खुर्चीवर टेकली, आणि चटका बसल्यासारखी उठली.

"बाबा, ही ओली आहे. किती गार आहे बघा."

काकांनी रुमाल उचलला...

रुमाल कडक झाला होता. लॉजमध्ये हीटर एवढा जोरात चालू होता की लोक टी-शर्टवर बसले होते. आणि हातातला रुमाल पापडासारखा ताठ.

"एसीचा झोत येत असेल," काका म्हणाले. फिजिक्सच्या मास्तरांकडे उत्तर तयार असतंच. फेब्रुवारीत एसी कुठला, हे त्यांना नंतर सुचलं.

अनिका जेवत नव्हती. ती काकांच्या अगदी जवळ सरकून बसली होती आणि त्या खुर्चीकडे पाठ केली होती.

"कॅन आय स्टे विथ यू, आजोबा?" तिने हळूच विचारलं.

"नो वे," अतुल मधेच बोलला. "आज ब्लू रन करायचाय तिला. ऑफिसातल्या नकुलची मुलगी कधीपासून करते."

ब्लू रन म्हणजे वरची, जरा अवघड उतरण. अनिकाने काकांची बाही धरली.

इथे काका एक शब्द बोलले असते तर पोरगी थांबली असती. जावई कितीही शहाणा असला तरी सासऱ्याला तोंडावर नाही म्हणाला नसता. पण काकांना टोमणा सुचला.

"जा बाई जा. इथे बसून काय करतेस? तुझ्या बापाला व्हिडिओ पाहिजेत."

टोमणा अतुलला होता. उठावं लागलं अनिकाला.

दीडच्या सुमाराला एक म्हातारा गोरा माणूस ट्रे घेऊन आला. जागा शोधत होता. काका तोंड उघडणार, एवढ्यात तो त्या खुर्चीकडे बघून थबकला...

"ओह, सॉरी मॅम."

आणि पुढे गेला.

काकांनी खुर्चीकडे बघितलं. रिकामी. मागे बघितलं. भिंत.

'चष्मा बदला म्हणावं,' काका स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांना खाली पाणी दिसलं. खुर्चीच्या बरोबर खाली, ताटाएवढं थारोळं. त्यांनी पेपर नॅपकिनने पुसलं.

पाच मिनिटांनी परत तेवढंच.

परत पुसलं.

ठिप... ठिप...

वरून गळत नव्हतं. छत कोरडं होतं. पाणी खुर्चीच्या कडेवरून पडत होतं.

लादी पुसणारी एक बाई मॉप घेऊन आली. तिने पाणी पुसलं आणि काकांकडे वळून अगदी मायेने म्हणाली, की तुमच्या बरोबरच्या बाईंना सांगा, फायरप्लेसजवळ बसा. केवढ्या भिजल्यात. अंगावर गरम काहीच नाही त्यांच्या.

काकांनी मला सांगितलं, "मला वाटलं, सगळे मिळून म्हाताऱ्याची टिंगल करतायत."

पण त्यानंतर त्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं नाही.

तीन वाजता वारा सुटला. बघता बघता बाहेरचा डोंगर नाहीसा झाला. खिडकीला नुसतं पांढरं. लिफ्ट बंद केल्याची घोषणा झाली. जागृती खालच्या सोप्या उतारावर होती, ती लगेच आत आली. अतुलचा फोन लागत नव्हता.

साडेतीनला अतुल आला. दाढीला बर्फ लागलेला.

एकटा.

"अनिका कुठाय?" जागृतीने विचारलं.

अतुल तिच्याकडे बघेना. "मी शूट करायला पुढे आलो होतो... ती मागूनच येत होती. मी वीस मिनिटं थांबलो. मग काही दिसेनाच. स्की पॅट्रोलच्या बचाव पथकाला सांगितलंय, ते वर गेलेत."

व्हिडिओ काढायला. नऊ वर्षांचं पोर मागे टाकून.

जागृती तशीच बाहेर पळाली. अतुल तिच्यामागे. जाता जाता म्हणाला, "बाबा, तुम्ही इथेच थांबा. ती आली तर इथेच येईल."

म्हणजे परत सामान राखायचं.

लॉज रिकामं होत गेलं. लोक वादळाच्या आत घाट उतरायला निघाले. बर्गरवाल्याने काउंटर बंद केला. मघाचा गोंगाट संपला आणि एकच आवाज उरला...

ठिप... ठिप...

काका हात मांडीवर ठेवून बसले होते. पोरगी माझ्याजवळ राहायचं म्हणत होती. इथे एक खुर्ची मोकळी होती. दिवसभर मी ती कुणालाही दिली नाही, आणि तिलासुद्धा दिली नाही. हेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

पावणेचार.

चार.

चार वाजून दहा मिनिटं.

काकांनी घसा खाकरला. इकडे तिकडे बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते रिकाम्या खुर्चीशी बोलले.

"बाई, तुम्ही कोण मला माहीत नाही. मी असलं काही मानतही नाही. पण तुम्ही इथे असाल... तर माझी नात वर राहिली आहे. तिला घेऊन या."

ठिपठिप थांबली.

दोन क्षण काहीच नाही.

मग... खर्रर्र...

खुर्ची मागे सरकली. कुणीतरी उठताना सरकते तशी.

लादीवर एक ओला ठसा उमटला. मग त्याच्या पुढे दुसरा. दाराच्या दिशेने. बुटांचे नव्हते ते. पाचही बोटं स्पष्ट दिसत होती.

दार आपोआप उघडलं, गार वारा आत आला, दार मिटलं.

काका म्हणतात, किती वेळ गेला ते कळलं नाही. घड्याळात मात्र पंचवीस मिनिटंच झाली होती.

दार परत उघडलं आणि अनिका आत आली.

एकटी. चालत. पायात स्कीचे बूट, पण स्की नाहीत. अंगावर खरचटल्याचीही खूण नाही. तिचा डाव्या हातातला ग्लोव्ह मऊ होता. उजव्या हातातला गोठून लाकडासारखा झाला होता. तो काढायला जागृतीला कोमट पाणी ओतावं लागलं.

स्की पॅट्रोलची माणसं तेव्हा अजून वरच शोधत होती. तिच्या स्की दुसऱ्या दिवशी मिळाल्या. दोन मैलांवर, दरीच्या कडेला. त्या वादळात ती तिथून एकटी चालत कशी आली, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

अतुलला असले प्रश्न पडत नाहीत. परतीच्या वाटेवर त्याने स्टेटस टाकलं, 'प्राउड डॅड'. खाली टाळ्या वाजवणारे दीडशे हात.

गाडीत काकांनी अनिकाला हळूच विचारलं, "कुणी आणलं गं तुला?"

"अ लेडी. शी सेड यू सेंट हर."

"मग? तू काय म्हणालीस?"

"आय सेड थँक यू." आणि मग अनिकाने अभिमानाने सांगितलं, की मी मराठीत पण बोलले.

तिला मराठी येत नाही म्हटलं तरी चालेल. पण जागृतीने तिच्याकडून दोन-तीन वाक्यं घोटून घेतली आहेत. कुणी मोठं माणूस आपल्याशी चांगलं वागलं, तर निघताना काय म्हणायचं?

"काय म्हणालीस?"

"काकू, घरी या."

काका मागे टेकले. पुढचं विचारायचं त्यांना धाडस होत नव्हतं. तरी विचारलं.

"आणि ती?"

अनिका खिडकीबाहेर बघत होती. "शी सेड ओके."

फ्रीमाँटच्या घरात तिसऱ्या दिवशी सकाळी अनिकाच्या अभ्यासाच्या खुर्चीखाली पाणी होतं. अतुल तिला ओरडला, पाण्याची बाटली नीट बंद करत जा. दुसऱ्या आठवड्यात प्लंबर येऊन गेला. पाइपात दोष नाही म्हणाला. काका रोज सगळ्यांच्या आधी उठून लादी पुसायचे. कुणाला सांगणार? ज्यांनी जन्मभर लोकांना हसून गप्प केलं, ते कुठल्या तोंडाने सांगणार?

शेवटी त्यांनी तिकीट बदललं. तीन महिने बाकी असताना निघाले. त्यांचा हिशोब सरळ होता. बोलावलं मी, तर येईलही माझ्याबरोबर. निघायच्या दिवशी अनिका शाळेत गेल्यावर ते तिच्या खोलीत गेले आणि त्या खुर्चीसमोर हात जोडून उभे राहिले.

"चला बाई. माझ्या घरी चला."

नागपुरात त्यांनी पलंगाशेजारी एक खुर्ची मांडून ठेवली. रोज उठलं की आधी तिच्याखाली बघायचं.

एप्रिलमध्ये त्यांचा मला फोन आला, तेव्हा हे सगळं मला कळलं. मी इकडे सनीव्हेलला राहते, माझी सकाळ होती. काका रडत होते. मी त्यांना कधीच रडताना ऐकलं नव्हतं, काकू गेल्या तेव्हासुद्धा नाही.

"इथे कोरडं आहे गं," ते म्हणाले. "एक थेंबसुद्धा नाही. ती तिकडेच राहिली."

मी म्हणाले, "काका, तुम्ही तिला जा म्हणायचं होतं ना."

"कसं म्हणू? पोरगी तिनेच आणून दिली."

जागृतीला यातलं काही माहीत नाही. सांगायचं धाडस मला झालेलं नाही. अतुलला नावं ठेवणारी मी, मीसुद्धा भित्रीच निघाले.

परवा तिचा फोन आला होता. खूप खुशीत होती. अनिका हल्ली खोलीचं दार लावून अभ्यास करते आणि आतून सारखं मराठीत बोलणं ऐकू येतं. मोठमोठी वाक्यं, अगदी न अडखळता. आम्ही शिकवून थकलो, जागृती म्हणाली, आणि आता आपोआप यायला लागलं बघ. अतुलने दाराबाहेरून व्हिडिओ पण काढलाय, पाठवू का तुला?

मी पाठव म्हणाले. तो आलाय. दोन मिनिटं दहा सेकंदांचा आहे.

मी अजून तो उघडलेला नाही.